‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ : युद्धप्रचार आणि सोलापूरचे घर

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदी चित्रपटसृष्टीवर युद्धाचे सावट दुहेरी होते. कच्च्या फिल्मचे वाटप सरकारच्या हाती गेले. चित्रपटाच्या लांबीवर मर्यादा आली. ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’चे प्रचारपट दाखविणे चित्रपटगृहांना बंधनकारक झाले आणि निर्मात्यांकडूनही युद्धप्रयत्नास पूरक चित्रपटांची अपेक्षा होऊ लागली. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (1946) या परिस्थितीचे अपत्य होय. प्रस्तुत लेखात या चित्रपटातील प्रचार आणि त्यात उमटलेले सोलापूर यांचा परामर्श घेतला आहे.

अपेक्षा आणि निवड :

डॉ. द्वारकानाथ कोटनीस यांचा जन्म 1910 मध्ये सोलापूर येथे झाला. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते होते. 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे चीनमध्येच निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर चित्रपट आधारलेला असून कोटनिसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली आहे.

या कथेची निवड मार्मिक आहे. शत्रू जपान असल्याने सरकारची अपेक्षा पूर्ण होते. परंतु नायकाला रणभूमीवर धाडणारी सत्ता ब्रिटिशांची नसून राष्ट्रीय सभेची आहे. त्याच्या हाती बंदूक नसून औषधे आहेत. ज्या सोलापूरने 1930 मध्ये मार्शल लॉ अनुभवला आणि 12 जानेवारी 1931 रोजी चार हुतात्मे दिले, तेथील तरुणाच्या त्यागातून राजनिष्ठेचा धडा काढणे अवघडच होते. सरकारी प्रचाराचा साचा येथे राष्ट्रीय आशयाने भरला गेला.

तथापि ही निवड अडचणींपासून मुक्त नाही. पथक पाठविले गेले तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते; त्यांनीच पुढे जपानच्या साहाय्याने आझाद हिंद फौजेचे नेतृत्व केले. चित्रपट प्रदर्शित झाला तोवर महायुद्ध संपले होते आणि आझाद हिंदच्या सैनिकांविषयी देशात आत्मीयता दाटून आली होती. जपानविषयीचा द्वेष आणि जपानच्या मित्रांविषयीचा जिव्हाळा एकाच प्रेक्षकाच्या मनात नांदत होता. या विसंगतीला चित्रपट स्पर्श करीत नाही.

घराचे चित्रण :

युद्धकाळात सोलापूर हे गिरण्यांचे व हातमागांचे शहर होते. 1943 मध्ये कापड व सुतावर नियंत्रण आले. सुताची टंचाई आणि महागाई यांची झळ विणकरांना सोसावी लागत होती. चित्रपटातील सोलापूरला मात्र माग नाही, रांग नाही. तेथे आहे आई-वडिलांचा निरोप, घराचा उंबरठा आणि प्रतीक्षा. युद्धाने घर कसे बदलते, या प्रश्नाचे उत्तर केवळ विरहात शोधले आहे.

हीच मर्यादा शेवटाकडे अधिक जाणवते. कोटनिसांच्या पत्नी ग्वो छिंगलान या शुश्रूषाशिक्षण घेतलेल्या, युद्धक्षेत्रात काम केलेल्या स्त्री होत्या. जयश्री यांनी साकारलेली ही व्यक्तिरेखा अखेरीस बाळाला घेऊन सासरचा उंबरठा गाठते. प्रत्यक्षात त्या चीनमध्येच राहिल्या व 1958 मध्ये भारतभेटीस आल्या. स्वतंत्र कर्तृत्वाच्या परदेशी स्त्रीला सून करून घेतल्याखेरीज प्रेक्षकांची सहानुभूती पूर्ण होणार नाही, असे गृहीतक या बदलामागे दिसते.

निष्कर्ष :

सरकारी चौकटीत राहून सरकारी हेतूला बगल देणारा चित्रपट म्हणून या कृतीचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु प्रचार केवळ शत्रूचे चित्र रंगवीत नाही. तो घराचेही सोयीचे चित्र रंगवितो. शत्रूविषयीचा प्रचार काळाबरोबर विरतो, घराविषयीचा मात्र स्मृती म्हणून टिकतो. सोलापूरच्या युद्धकालीन इतिहासाचा अभ्यास करताना कोटनिसांच्या त्यागाइतकीच त्या काळातील मागावरच्या माणसाचीही दखल घ्यावी लागेल.