विठाबाईची नाळ आणि आपली लाज



विठाबाईवर कुणी लिहायला बसला की पहिल्या चार ओळींत ती गोष्ट येते. दिवस भरलेली बाई बोर्डावर नाचतीय. कळा आल्या तशी कनातीमागं गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आन् पुन्हा बोर्डावर उभी राहिली. मग लिहिणारा म्हणतो, काय ही कलेवरची निष्ठा! लेख संपला. त्याच्या नावावर टाळ्या.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. शाळा मधेच सुटली. समीक्षा कशी लिहायची ते कुणी शिकवलं नाही. पण एवढं कळतं की आमच्या खात्यात एखादी बाई मशीनजवळ बाळंत झाली आन् तासाभरात तुटलं सूत सांधायला उभी राहिली, तर तिला निष्ठा कुणी म्हणणार नाही. आपण मोर्चा काढू. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावायलाच बंदी घातली. मग गिरणीत जो जुलूम, तो फडात गेला की कला कसा होतो?

त्या रात्री लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितला, असंही सांगतात. त्या अडाणी प्रेक्षकांना माझा जय भीम. शिकलेल्या लेखकांपेक्षा त्यांना जास्त कळलं.

फडाचा हिशोब कुणी मांडत नाही. दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतो आन् अक्षय्य तृतीयेपर्यंत फिरतो. नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावकारभारी येतात, जत्रेची सुपारी ठरते. खेळ मोडला तर सुपारी बुडते, उचल अंगावर राहते. आन् फड घरचाच असला तर रजा मागायची कुणाकडं? हे सगळं बाजूला ठेवून नुस्ती निष्ठा निष्ठा म्हणणं ही पोट भरलेल्यांची समीक्षा झाली.

आता तिचा जन्म बघा. १९३५ साल, पंढरपूर. आजा नारायण खुडे यांचा फड. बाप भाऊ आणि चुलता बापू यांनी तो पुढं चालवला. गाणं तिनं निवडलं नाही, जातीनं आन् घरानं ते तिच्या वाट्याला दिलं. त्यातून ती तमाशासम्राज्ञी झाली हे तिचं कर्तृत्व. नाचत गायचं म्हणजे एकच दम पायाला आन् गळ्याला वाटून द्यायचा असतो. १९५७ ला राष्ट्रपती पदक, १९९० ला पुन्हा. १५ जानेवारी २००२ ला गेली, तवा दवाखान्याचं बिल देणगीतून भागवावं लागलं. आन् २००६ साली सरकारनं तिच्याच नावानं तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार काढला.

त्या पुरस्काराच्या नावात काय आहे? विठाबाई नारायणगावकर. फडाच्या पाटीवर काय होतं? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. गाव ठेवलं, मांग गाळला. जिनं आयुष्यभर तो शब्द पेट्रोमॅक्सच्या उजेडात लोकांसमोर मिरवला, तिचा सत्कार करताना सरकारला तेवढाच शब्द जड झाला.

पण मित्रांनो, सरकारला शिव्या देणं सोपं आहे. आपलं काय?

मी मांगवाड्यातला. माझी आजी आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ घालून नवरात्रात तुळजापूरची वाट धरायची, रात्र रात्र गायची. मी शिबिराला जाऊ लागलो आन् एक दिवस घरी येऊन म्हणलो, "आजे, हे गाणं बंद कर, मला लाज वाटती." ती काहीच बोलली नाही. माझ्यासमोर पुन्हा कधी गायली बी नाही. ती गेली, गाणी तिच्यासंगं गेली. मी कवी म्हणवतो आन् तिचं एक गाणं मला पुरं येत नाही.

चळवळीनं तमाशाचा साचा घेतला. भीमराव कर्डकांनी त्यातून आंबेडकरी जलसा उभा केला, अण्णाभाऊंनी लोकनाट्य. पण सुरुवातीच्या जलशात बायांची कामं पुरुषच करत. कारण रास्त होतं. आपल्या बाया वरच्यांच्या नजरेपुढं, दौलतजादा करणाऱ्यांपुढं नाचणार नाहीत, हा स्वाभिमान बाबासाहेबांनी दिला आन् तो मला मोलाचा आहे. धंदा सोडायचा म्हणालो ते बरोबर. पण धंद्यासंगं आपण त्या बाईची बी लाज धरली. तिला कलावंत वरच्यांनी म्हणायचं आन् आपण तोंड फिरवायचं, हे कसलं आत्मभान?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. देवीवर तुमची-माझी श्रद्धा नसंल, नसू द्या. पण चैत्री पुनवेला येरमाळ्याची जत्रा भरते, आराधी मेळे येतात. गाणाऱ्या म्हाताऱ्या बायांजवळ बसा. गाणं उतरून घ्या. कुणाकडून शिकली, काय मिळालं, बाळंतपणं कुठं झाली, ते बी विचारा. नाव ती सांगंल तसं पुरं लिहा.

मी त्या दिवशी खाडा करणार आहे. तुम्ही या. वही घेऊन या.