ग्रंथसूचीतील ‘उर्फ’

वकिलीच्या कामात ‘उर्फ’ या दोन अक्षरांचे मोल फार मोठे. खरेदीखतात एक नाव, पहाणीपत्रकात दुसरे आणि वारसानोंदीत तिसरे असले, की मनुष्य एकच आहे हे सिद्ध करण्यात पक्षकाराची उमेदीची वर्षे खर्ची पडतात. तोच प्रसंग आता ग्रंथांवर ओढवला आहे.

धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे (१८९६–१९८१) यांचेच उदाहरण घेऊ. घरची बोली मराठी, काव्याची भाषा कन्नड, टोपणनाव ‘अंबिकातनयदत्त’. शिवाय मराठीतही त्यांनी लेखन केले. मध्यंतरी एका संस्थेच्या संगणकीय सूचीत मी त्यांचे ग्रंथ शोधू लागलो. आडनावाने काही सापडले, टोपणनावाने निराळेच सापडले, आणि मराठी ग्रंथ दोन्ही वेळी अदृश्य राहिला. ग्रंथपालांना विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “आहे की! कपाटात आहे.”

खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्रास अर्पण झाले. त्याची योजना स्तुत्य आहे. ग्रंथ बहुधा मूळ संस्थेकडेच राहतो. मध्यवर्ती ठिकाणी येते ती त्याची नोंद, म्हणजेच मेटाडेटा. संस्थांच्या नोंदी परस्परांशी जुळाव्यात म्हणून १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी काही जाणकार जमले. त्यांतून पुढे ‘डब्लिन कोअर’चे १५ रकाने सिद्ध झाले. रकाने जुळले खरे. पण रकान्यात काय लिहावयाचे हे जुळले आहे काय? माझ्या मते दोष आहे तो येथेच.

आपल्या कोंकणीची गोष्ट पाहा. त्या १५ रकान्यांत भाषेस जागा आहे, लिपीस स्वतंत्र जागा नाही. कोंकणी तर गोव्यात देवनागरी व रोमी, कर्नाटकात कन्नड आणि केरळात मल्याळम लिपीतही लिहिली जाते. केवळ ‘कोंकणी’ एवढ्या नोंदीवरून हुबळीच्या आजीबाईंना वाचता येईल ते पुस्तक हाती लागेलच असे नाही. भाषेच्या संकेतास लिपीचा संकेत जोडण्याची सोय आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. ती वापरण्याचा आळस मात्र सार्वत्रिक दिसतो. त्यातून ड्यूईच्या दशमान वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, तर कोंकणीचा ८९१.४६९. नोंद एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना शेवटचा एक अंक गळला, की कोंकणी ग्रंथ मराठी होऊन बसतो! भाषावादात जे कोणास साधले नाही ते येथे निमूटपणे घडते.

शिक्षणविषयक नोंदींत आणखी एक रकाना असतो: ग्रंथ कोणत्या शैक्षणिक पातळीसाठी आहे? पाठ्यपुस्तकास तो शोभतो. आरतीसंग्रहाची इयत्ता कोणती लिहावी?

नावांचा ‘उर्फ’ सुटणारा आहे. निरनिराळ्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी योजिलेली एकाच लेखकाची नावे एका क्रमांकाखाली बांधणारी ‘व्हायफ’ नावाची जागतिक सूची आज चालू आहे. आपल्या देवस्थानांच्या जुन्या स्मरणिका, पंचांगे, गुरुपरंपरेची चरित्रे यांच्या कर्त्यांची कन्नड, मराठी, कोंकणी रूपे तशीच एकत्र बांधता येतील. त्यासाठी घराणी, गावे आणि टोपणनावे ठाऊक असलेली वडीलधारी माणसे हवीत, आणि ती आज हयात आहेत. जुन्या ग्रंथांच्या छायांकनाची दोन अंदाजपत्रके अलीकडे माझ्या नजरेखालून गेली. पानागणिक खर्च दोन्हींत काटेकोर मांडला होता. नोंदी लिहिणाऱ्याच्या मानधनाचा उल्लेख एकातही नव्हता.