मैना कोण?

पनवेलच्या एस्टी स्टँडवर एक म्हातारा अण्णा भाऊ साठ्यांची छक्कड गुणगुणत होता, 'माझी मैना गावावर राहिली'. शेजारचे मास्तर मला म्हणाले, "मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी. बाईबिई कोणी नाही. रूपक आहे."

अर्धं खरं. गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं. १ मे १९६० ला राज्य झालं, बेळगाव-कारवार बाहेरच राहिलं. पण अण्णा भाऊ वाटेगावहून पायी मुंबईला आले, गिरणीत राबले. एका खोलीत दहा-दहा गडी, बायका गावी, हे त्यांनी जवळून बघितलेलं. ऐकणाऱ्या कामगाराला आधी बायको आठवली, मग बेळगाव कळलं. बाई खोटी असती तर रूपक उभंच राहिलं नसतं.

शिवाय अण्णा भाऊ मांगवाड्यातले. आपल्या मैनेचं घर गावकुसाबाहेर. मग ती 'गावावर' राहिली म्हणजे नेमकी कुठं, हे कुणी विचारलं?

बॉब डिलनला २०१६ साली नोबेल मिळालं. त्याच्या गाण्यांचा अर्थ लावायला पुस्तकं निघाली. आमच्या शाहिराला मात्र एका वाक्यात उरकतात.

मी म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, तुमची मैना कोण?

"व्हती गावाला. मी हिकडं असतानाच गेली."

मास्तर गप्प.