एन्रीको कारूझो : कंठ आणि तबकडी

मोठ्या गवयाची कीर्ति त्याच्यामागें ऐकीव आख्यायिकांच्या रूपानेंच उरावयाची, असा पूर्वींचा नियम होता. इटालियन ऑपेराचा गायक एन्रीको कारूझो यानें तो मोडला. १८७३ सालीं नेपल्स येथें जन्मून १९२१ सालीं त्याच शहरीं तो निवर्तला. परंतु त्याचें गाणें आजहि ऐकावयास मिळतें. तेव्हां त्याच्याविषयीं लिहितांना दंतकथांचा आश्रय करण्याचें कारण नाहीं. पुरावा कानांपुढें आहे. तो कितपत विश्वसनीय, एवढाच प्रश्न.

१९०२ च्या एप्रिलांत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनीं मिलान येथें कारूझोचीं दहा गीतें मुद्रित केलीं. याच गृहस्थांनीं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें तबकडीवर घेतलें. त्या काळीं मायक्रोफोन नव्हता. गायकानें कर्ण्यासमोर उभें राहून गावयाचें, आणि कर्ण्यास जेवढें पेलेल तेवढेंच मेणावर उमटावयाचें. व्हायोलिनचे सूर त्यांत क्षीण होत, स्त्रियांचे अतितार स्वर निस्तेज वाटत. पुरुषाचा उंच पण भरदार असा टेनर आवाज मात्र ठसठशीत उतरे. कारूझोच्या सर्वश्रेष्ठत्वाचा जो डंका जगभर वाजला, त्यांत यंत्राच्या या पक्षपाताचा वांटा आहे, असें आम्हांस वाटतें.

मग त्याचें मोठेपण हें केवळ यंत्राचें देणें समजावें काय? आमचें उत्तर नकाराचें आहे. १८९५ सालीं तो रंगभूमीवर आला, त्या सुरवातीच्या काळांत वरच्या स्वरांवर त्याचा आवाज फाटत असे. १८९८ सालीं मिलान येथें जॉर्दानोच्या 'फेदोरा'नें त्यास नांव मिळालें. तरी १९०१ च्या अखेरीस जन्मग्रामच्या सान कार्लो नाट्यगृहांत त्याचें स्वागत थंडच झालें, व पुढें तो तेथें कधींच गायला नाहीं. १९०३ पासून १९२० पर्यंत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रंगमंदिरांत त्यानें आठशेंहून अधिक प्रयोग केले. लेओनकाव्हाल्लोच्या 'पाल्याच्ची'मधील विदूषकाचें गीत त्यानें १९०२, १९०४ व १९०७ असें तीनदां मुद्रित केलें. तीं मुद्रणें क्रमानें ऐकावीं, म्हणजे हलका, कोवळा कंठ कसा गडद व जड होत गेला तें कळेल. यंत्र तेंच, गीत तेंच. वाढला तो गायक.

या वाढीबरोबर एक दोषहि आला, तो लपविण्यांत अर्थ नाहीं. त्या गीतांतील हुंदका पुढें रूढि होऊन बसला. अनुकरण करणारांनीं तेवढाच उचलला. स्वरास स्वर न तुटतां जोडण्याची कारूझोची हातोटी व त्याचा दमसास कोणी उचलला नाहीं. त्यांच्या आक्रोशाचें खापर आम्ही मूळ गायकावर फोडूं इच्छीत नाहीं. पण वाट त्यानेंच दाखविली, हें खरें.

त्याचें खरें शिखर आम्हांस अन्यत्र दिसतें. अलेव्हीच्या 'ला ज्युईव्ह' या फ्रेंच ऑपेरांत एलेआझार हा वृद्ध सोनार, मुलीप्रमाणें वाढविलेल्या राशेलचा प्राण वांचवावा कीं सूड साधावा, अशा पेंचांत सांपडतो. तें गीत कारूझोनें सप्टेंबर १९२० मध्यें मुद्रित केलें. तेथें यौवनाचा तजेला उरलेला नाहीं. पण शब्दाशब्दांत बापाचें काळीज आहे. त्याच वर्षीं २४ डिसेंबरास याच भूमिकेंत तो रंगभूमीवर शेवटचा दिसला. आठ महिन्यांच्या आंत मृत्यूनें त्यास गांठलें.

१९३२ सालीं त्याच्या जुन्या मुद्रणांवर नवा वाद्यवृंद चढविण्यांत आला. आमच्या मतें तो खटाटोप व्यर्थ होता. जुन्या कर्ण्याची खरखर सोसूनहि रसिकानें एलेआझारचें मूळ मुद्रणच ऐकावें. यंत्राची मेहेरबानी कोठें संपते आणि कलावंताची कमाई कोठें सुरू होते, याचा निवाडा तेथें आपोआप होईल.