ऐकून घेणारा कॅमेरा

१९८५ साली महाराष्ट्रात दोन लहान चित्रपट तयार झाले. एक मुंबईत, दुसरा पुण्यात. मुंबईचा चित्रपट आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’. झोपड्या पाडणारे शहर आणि रस्त्यावर आलेली माणसे यांचे ते धगधगते चित्रण आहे. त्या अनुबोधपटातील एक प्रसंग पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही. निवारा गमावलेली एक स्त्री कॅमेऱ्यामागील माणसांवरच उसळते. आमची चित्रे घेऊन तुमचे नाव होईल, आमच्या पदरात काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. दिग्दर्शकाने तो प्रसंग कापून टाकला नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. परंतु प्रश्न अनुत्तरित राहिला.

पुण्यात तयार झालेल्या चित्रपटाचे नाव ‘बाई’. त्याच्या दिग्दर्शिका सुमित्रा भावे. या दोन्ही चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले. पटवर्धनांनी पुढे आरोप करणाऱ्या, सत्तेला जाब विचारणाऱ्या अनुबोधपटांचा मार्ग निष्ठेने चालविला. सुमित्राबाईंनी दुसरी वाट धरली. दि. १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी मागे ठेवलेले लघुपट व चित्रपट आज ओळीने पाहिले म्हणजे ध्यानात येते, की मुंबईच्या त्या स्त्रीने विचारलेल्या प्रश्नालाच त्या जन्मभर सामोऱ्या जात होत्या. चित्र ज्याचे घ्यायचे, त्याला त्यातून काय मिळणार? या एका प्रश्नाच्या कसोटीवर त्यांचे काम तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या वाचकांना या विषयात विशेष आस्था वाटावी असे एक कारण आहे. सुमित्राबाई चित्रपटसृष्टीतून आलेल्या नव्हेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले. पुढे ‘स्त्रीवाणी’ या प्रकल्पाशी त्यांचा संबंध आला. हा प्रकल्प १९८२ साली पुण्यातील ईशवाणी केंद्र या कॅथलिक संशोधन संस्थेच्या आश्रयाने सुरू झाला होता. स्त्री स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हे तिच्याच तोंडून ऐकावे, ही त्यामागील कल्पना. पुण्याच्या झोपडपट्टीतील आठ दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचे त्यांचे पुस्तक गौरी देशपांडे यांनी इंग्रजीत आणले व ‘पॅन ऑन फायर’ या नावाने ते १९८८ मध्ये दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूट या येशूसंघीय संस्थेने प्रसिद्ध केले. आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणात उगवलेले हे रोप. आपल्यापैकी किती जणांना त्याची माहिती होती? आम्हांला स्वतःला ती बरीच उशिरा झाली, हे येथे कबूल केले पाहिजे.

संशोधनाच्या कामात सुमित्राबाईंना एक अडचण जाणवली. ज्या स्त्रियांनी आपले आयुष्य उलगडून सांगितले, त्यांना तो अहवाल वाचता येणार नव्हता. ज्यांची कहाणी, त्यांच्यापर्यंत ती परत जाणार नव्हती. ग्रंथालयाच्या कपाटात शहाण्यासुरत्या लोकांसाठी ती पडून राहणार होती. तेव्हा निरक्षर माणसालाही पाहता येईल, स्वतःला ओळखता येईल आणि शेजारणीशी बोलता येईल असे साधन म्हणून त्या चित्रपटाकडे वळल्या. या कलेचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांच्या गाठी नव्हते. वयाची चाळिशी उलटून गेली होती. ‘बाई’च्या वेळी त्यांना साहाय्य करणारे सुनील सुकथनकर पुढे पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि अखेरपर्यंत त्यांचे सहदिग्दर्शक राहिले.

‘बाई’ ही वस्तीतील एका स्त्रीची गोष्ट. दारूच्या आहारी गेलेला नवरा, हलाखीचा संसार आणि त्यातून स्वतःच्या पायावर उभी राहू पाहणारी ती. आपल्या धर्मग्रामातील घरोघरी हिंडणाऱ्या कोणाही धर्मगुरूला ही कथा नवी नाही. नवीन आहे ते तिच्याकडे पाहणे. कॅमेरा तिची कीव करीत नाही आणि तिला देवीही बनवीत नाही. तिचे बोलणे संपेपर्यंत तो थांबतो. १९८७ च्या ‘पाणी’ या लघुपटात एका गावच्या स्त्रिया पाण्यासाठी एकत्र येतात. ‘चकोरी’मध्ये नवऱ्याने टाकलेली एक तरुणी सायकल शिकते. सायकल शिकणे ही केवढीशी गोष्ट! पण खेड्यातल्या टाकलेल्या बाईने सर्वांच्या देखत तोल सावरीत पुढे जाणे याचा अर्थ त्या गावाला बरोबर कळतो. या आरंभीच्या लघुपटांपुरते पाहिले तर प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. ज्यांचे चित्र, त्यांच्यासाठीच ते आहे.

१९९५ च्या ‘दोघी’पासून वळण येते. लघुपटाची वस्ती सोडून सुमित्राबाई चित्रगृहात आल्या. लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, नवरदेव दगावतो आणि थोरली बहीण गौरी गावाच्या लेखी पांढऱ्या पायाची ठरते. मामा तिला मुंबईला नेतो व तेथे तिला देहविक्रयात ढकलले जाते. तिने धाडलेल्या पैशावर घर सावरते. आणि धाकटीच्या लग्नाला ती परत येते, तेव्हा तेच घर तिला मांडवात जागा देताना कचरते. उत्तरा बावकर यांनी उभी केलेली आई पाहावी. ती दुष्ट नाही. ती आपल्या लेकीवर प्रेम करते, तिच्या पैशाने चूल पेटवते आणि तिला शिवायला भिते. रूढी माणसाच्या आत कोठे राहते, हे यापेक्षा स्पष्ट कोणत्या प्रवचनातून सांगता येईल? धाकटी कृष्णा बहिणीच्या बाजूने उभी राहते, तेव्हा प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटते.

नेमक्या याच ठिकाणी आमचा पहिला आक्षेप आहे. सुमित्राबाईंच्या चित्रपटांत खलपुरुष जवळजवळ नाहीतच. सर्वांना समजून घेण्याचा त्यांचा स्वभाव ख्रिस्ती मनाला भावतो. परंतु समजून घेणे आणि जबाबदारीतून सोडणे यांत अंतर आहे. ‘दोघी’मध्ये आईचे अंतःकरण आपल्याला पूर्ण दिसते, पण त्या मुलीच्या शरीरावर ज्यांनी पैसे मिळविले ते सावलीत राहतात. पटवर्धन असते तर त्यांनी कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर धरला असता. २००९ च्या ‘एक कप च्या’मध्ये ही उणीव काही अंशी भरून निघते. कोकणातल्या एका एस. टी. कंडक्टरच्या घरी हजारो रुपयांचे विजेचे बिल येऊन पडते आणि तो माहितीच्या अधिकाराचा कायदा हाती घेतो. येथे अन्यायाला पत्ता आहे, कार्यालय आहे. तरीसुद्धा दिग्दर्शकांची खरी माया लढाईवर नाही. लढणाऱ्याच्या घरातील माणसांवर, त्यांच्या लहान लहान बोलण्यावर आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियावर, ‘नितळ’ (२००६) अंगावरील कोडावर, ‘अस्तु’ स्मृतिभ्रंशावर, ‘कासव’ नैराश्यावर. एकेका चित्रपटाला एकेक दुखणे वाटून दिल्यासारखे हे काम आहे, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी खोटे ठरणार नाही. काही ठिकाणी पात्रे एकमेकांशी न बोलता प्रेक्षकांना माहिती देतात. डॉक्टर बोलू लागला की कलाकृती क्षणभर खुर्चीवर बसते आणि व्याख्यान उभे राहते. शिवाय माणसेही बदलली. वस्तीतील बाईच्या जागी पुण्याचे सुशिक्षित, पुस्तके असलेले घर आले. ज्यांचे आवाज कधी ऐकले गेले नव्हते त्यांना सोडून सुमित्राबाई आपल्याच वर्गाकडे परतल्या काय?

आम्हीही बराच काळ असेच समजत होतो. ‘अस्तु’ने आमचे मत डळमळीत केले. संस्कृतचे एक गाढे पंडित, डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले, आपले नावगाव विसरत चालले आहेत. मुलगी त्यांना मोटारीत बसवून बाजारात उतरते आणि तेवढ्यात ते रस्त्यावरून चाललेल्या हत्तीच्या मागे निघून जातात. घरचे लोक शोधत राहतात. सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. तिला त्यांची विद्वत्ता कळत नाही, पुरती भाषाही कळत नाही. आपल्या पोरासारखेच हेही एक पोर, एवढेच तिला कळते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी आणि सुमित्राबाईंना संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. येथे ‘बाई’ परत आली आहे. फरक इतकाच, की आता तिला कोणाच्या मदतीची गरज नसून सुशिक्षित घराला तिची गरज आहे. चित्र कोणासाठी, या प्रश्नाची दिशाच उलट झाली.

‘कासव’ला २०१६ सालच्या उत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला, घर सोडून भटकणारा एक तरुण मुलगा जानकी नावाच्या स्त्रीला वाटेत सापडतो. ती त्याला कोकणातल्या समुद्रकाठच्या घरी नेते, जेथे कासवांची अंडी राखण्याचे काम चालले आहे. तू कोण, कोठला, असे का केलेस, हे ती विचारीत नाही. जेवण वाढते, खोली देते, दूर राहून लक्ष ठेवते. बोलायचे तेव्हा तो बोलेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात हा चित्रपट आम्ही दाखविला. मंडळी पांगल्यावर खुर्च्या उचलताना एक माता मागे राहिली. तिचा मुलगा याच दुखण्याने गेला होता. ती इतकेच म्हणाली, “फादर, त्या बाईने त्याला एक प्रश्न विचारला नाही. आम्ही सगळे विचारतच राहिलो.” तिने आम्हांला दोष दिला नाही. पण त्या मुलाच्या अंत्यविधीपूर्वी त्या घरात जाऊन प्रश्न विचारणाऱ्यांत आम्हीही होतो. काय घडले, कसे घडले, आधी काही बोलला होता का. विधी नाकारण्याचा विचार मनात नव्हता. १९८३ च्या धर्मसंहितेने जुनी मनाई उरू दिली नाही आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर अशा जिवांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. हे सारे आम्हांला पाठ होते. तरीही सांत्वनाच्या घरी आम्ही वही घेतल्यासारखे बसलो. सेमिनरीत आम्हांला बोलावयास शिकविले गेले. ऐकावयास आम्ही नीट शिकलो नाही. एका चित्रपटाने ते दाखवून द्यावे, यात त्या चित्रपटाचे मोठेपण आहे आणि आमचे उणेपणही.

म्हणून वर नोंदविलेला दुसरा आक्षेप आम्ही आता निम्मा मागे घेतो. चित्रपटांना दुखणी वाटून दिली आहेत, हे खरे. व्याख्यानेही आहेत. परंतु वस्तीतील बाईचे दुःख जसे कोणी ऐकत नव्हते, तसेच बंद दारांच्या, नीटनेटक्या घरांतले हे दुःखही कोणी ऐकत नव्हते. संशोधनाची वही घेऊन पहिल्या बाईसमोर बसलेली तीच स्त्री येथेही बसली आहे. फक्त घर वेगळे. आपल्या धर्मग्रामांतही दारूडा नवरा लपत नाही, पण मानसिक आजार लपविला जातो. मुलीचे लग्न मोडेल म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून. पहिला आक्षेप मात्र आम्ही कायम ठेवतो. जो ऐकतो त्याने केव्हातरी साक्षही द्यावी लागते, आणि साक्ष देताना नाव घ्यावे लागते.

त्यांचा शेवटचा चित्रपट ‘दिठी’ दि. बा. मोकाशी यांच्या कथेवर आधारलेला असून त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे महिनाभराने प्रदर्शित झाला. वर्षानुवर्षे वारी करणारा रामजी लोहार. त्याचा तरुण मुलगा पाण्यात गेला आहे. इतक्या वर्षांच्या भक्तीचे हेच काय फळ, या विचाराने तो दगडासारखा बसून आहे. सोबतचे वारकरी त्याची समजूत घालतात, ग्रंथ वाचतात. शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. तेवढ्यात बातमी येते, की शेजारची गाय अडली आहे आणि तिला सोडविण्याचे कसब रामजीच्याच हातांत आहे. तो उठतो. किशोर कदम यांचा चेहरा त्या वेळी पाहावा. दुःखाला उत्तर मिळत नाही, दुःखी माणसाला काम मिळते. जन्मास येऊ पाहणाऱ्या वासराची हाक त्याला ऐकू येते.

आम्ही ख्रिस्ती लोक ईयोबाच्या पुस्तकातून हे शिकलो आहोत. त्याचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि चुकले. सुमित्राबाईंच्या बहुतेक चित्रपटांत अशी मुकाट्याने बसणारी एक तरी व्यक्ती आढळते.

आमची वाचकांना एक विनंती आहे. यंदाच्या उपवासकाळात आपापल्या धर्मग्रामात ‘अस्तु’ किंवा ‘कासव’ दाखवावा. नंतर चर्चासत्र ठेवू नये, कोणी मार्गदर्शन करू नये. चहा ठेवावा आणि सभागृह तासभर उघडे राहू द्यावे. ज्यांना बोलायचे असेल ते मागे थांबतील. त्या वेळी धर्मगुरूंनीही तेथेच असावे आणि, शक्य असेल तर, खुर्च्या उचलाव्यात.