तळीराम आणि यंत्रमानव

व्यसन हा विनोदाचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न मराठी रसिकाला नवा नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर अवघ्या काही आठवड्यांत, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हापासून तो आपल्यासमोर आहे. बरोबर ऐंशी वर्षांनी तोच प्रश्न अमेरिकेतील 'फ्यूचरामा' या विनोदी विज्ञानचित्रमालिकेच्या एका भागात वेषांतर करून अवतरला. मे १९९९ मध्ये प्रथम दाखविलेल्या या भागाचे नाव 'हेल इज अदर रोबॉट्स'. सार्त्रच्या १९४४ सालच्या नाटकातील एका गाजलेल्या वाक्याची ती मोडतोड आहे. हलत्या चित्रांची गोष्ट म्हणून ती बालवाङ्मयाच्या कप्प्यात टाकण्याचा मोह आपल्याकडील पुष्कळांना होईल, तो आवरावा.

कथानायक बेंडर हा एकतिसाव्या शतकातील यंत्रमानव. मद्य हे त्याचे व्यसन नव्हे, ते त्याचे इंधनच आहे. त्याला चटक लागते ती अंगात वीज घेण्याची. ही योजना मोठी चतुर होय. विषाचे नाव बदलताच दारूविषयीचा आपला तयार निषेध निकामी होतो आणि व्यसनाचे नुसते कार्य डोळ्यांपुढे उघडे पडते. जुन्या सोबत्याची संगत, चोरून घेतलेले झटके, आणि अखेर सहकाऱ्यांसह यान विजेच्या वादळात नेण्यापर्यंत गेलेली मजल. मग पश्चात्ताप, एका यंत्रधर्माची तेलात बुडवून दिलेली दीक्षा, आणि पुन्हा पाप केल्यास नरकवास मान्य असल्याचा करार.

येथवर हे कीर्तनातील आख्यान शोभेल. पुढचा भाग मात्र गडकऱ्यांना सुचला नव्हता. सुधारलेला बेंडर इतका सद्गुणी होतो की मित्रांना तो असह्य वाटू लागतो. फ्राय आणि लीला हे त्याचे जिवलगच त्याला अटलांटिक सिटी या जुगाराच्या नगरीत नेऊन पुन्हा बिघडवितात. नव्या भक्ताचे पुण्य हीही एक नशाच असते, आणि व्यसनी माणसाच्या भोवतालच्यांना त्याचे जुने रूप सोयीचे असते, ही दोन निरीक्षणे मार्मिक आहेत. 'एकच प्याला'तील रामलाल उपदेश करतो, भगीरथाला सावरतो. पण त्याच्या उपदेशाकडे हसून पाहण्याची मुभा नाटक आपल्याला देत नाही. ती त्याची उणीवच म्हणावी लागेल.

असे असूनही माझा कौल गडकऱ्यांकडे झुकतो. त्यांच्या 'आर्य मदिरा मंडळा'त शास्त्री आणि खुदाबक्ष एका प्याल्याने एकत्र येतात, तळीराम तत्त्वज्ञान सांगतो आणि प्रेक्षागृह हसते. परंतु ते हसू सुधाकराच्या उंबरठ्याशी थांबते. आत सिंधू दळणे दळीत असते. प्याल्याची किंमत तिने आणि तिच्या तान्ह्याने मोजलेली आहे. बेंडरच्या गोष्टीत अशी किंमत मोजणारे कोणी नाही. यंत्राला बायको नाही, लेकरू नाही, आणि नरकातूनही मित्र त्याला सहीसलामत सोडवून आणतात. नीती ही मग चारचौघांच्या सोयीची बाब उरते.

आमच्या सीमाभागात हा भेद पुस्तकी वाटत नाही. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंट्याच्या बायकांनी गावठी दारूची दुकाने बंद पाडली. ते लोण पसरले आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून तत्कालीन आंध्र प्रदेशात, म्हणजे आमच्या आदिलाबादेतही, त्या दारूवर बंदी आली. त्या बायका अनेक सिंधूच होत्या, फक्त पतीला पाठीशी घालीत मरण्याचे त्यांनी नाकारले. गडकऱ्यांच्या सिंधूविषयी आजची वाचक मुलगी चिडते ती याचसाठी, आणि तिचे चिडणे मला रास्त वाटते. तथापि चिडण्याजोगी सिंधू तेथे आहे तरी. चित्रमालिकेने ती जागाच ठेवलेली नाही.

भागाच्या अखेरीस बेंडर, यापुढे फार चांगलाही होणार नाही आणि फार वाईटही होणार नाही, अशी ग्वाही देतो व मंडळी सुखावतात. सुधाकरही मध्यंतरी दारू सोडतो, काम मागावयास बाहेर पडतो, आणि झिडकारला जाऊन पुन्हा प्याल्याकडे वळतो. शपथेनंतरचा तो प्रवेश गडकऱ्यांनी लिहिला.