पाटीवरची द्राक्षे

ग्रंथांची आणि नाटकांची परीक्षणे या पृष्ठांवर नेहमीच येतात. या वेळी आम्ही परभणी शहरातील तीन मद्यगृहांचे परीक्षण करावयाचे योजिले, याचे काही वाचकांना नवल वाटेल. कोणी नाकही मुरडतील. परंतु ज्या समाजाच्या वेदीवर द्राक्षारस आहे आणि ज्याच्या अनेक घरांत नाताळच्या फराळासोबत घरच्या वाइनचा पेला फिरतो, त्याने या विषयावर मौन पाळावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे अभिमानाने सांगणाऱ्या या शहरात 'वाइन' हा शब्द रस्तोरस्ती भेटतो. दुकानाच्या पाटीवर 'वाइन्स' असते, शेजारी द्राक्षांचा घडही रंगविलेला असतो. आत मात्र व्हिस्की, रम आणि बिअर. बसून पिण्याच्या जागेस 'परमिट रूम' म्हणतात. पिणाऱ्याजवळ परवाना हवा, या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या अटीतून आलेले हे नाव. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या या जिल्ह्यातही तेच आता रुळले आहे. मुखपृष्ठ एक आणि आशय दुसराच, अशा पुस्तकाला आपण फसवे म्हणतो. पाटीलाही तोच न्याय लावला पाहिजे.

आम्ही पाच निकष ठरविले: निवड, साठवण, पेला, खाद्यपदार्थ आणि आतिथ्य. प्रत्येकास एक गुण.

पहिले ठिकाण रेल्वे स्थानकाच्या परिसरातले. तेथे वाइन म्हणून एकच गोड पोर्ट होती आणि ती उघड्या फळीवर, दिव्याच्या उष्णतेत उभी होती. वाइनला बारा ते पंधरा अंशांचा गारवा मानवतो. परभणीचा उन्हाळा चाळीस अंश सहज ओलांडतो. पेला व्हिस्कीचा आणि त्यात न मागता बर्फ. चणे व शेंगदाणे मात्र ताजे होते. गुण एक.

दुसरे ठिकाण वातानुकूलित, 'फॅमिली' विभाग असलेले. तेथे नाशिकची तांबडी वाइन मिळाली, तेव्हा आम्हांस आनंद झाला. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आखल्यापासून नाशिक परिसरात वाइनरी वाढल्या, परंतु त्यांचा माल मराठवाड्याच्या टेबलांपर्यंत क्वचितच पोहोचतो. दुर्दैवाने बाटली केव्हातरी उघडून ठेवलेली होती. वाइनचा शिरका होऊ लागला होता. वेटर प्रांजळपणे म्हणाला, "साहेब, सहा महिन्यांत एखादं गिऱ्हाईक मागतं." चूक त्याची नव्हे. येथे मद्य क्वार्टरच्या मापाने, म्हणजे १८० मिलिलिटरने मागितले जाते; व्हिस्कीत मद्यार्क ४२.८ टक्के, वाइनमध्ये साधारण बारा-तेरा. लवकर चढावे हाच हेतू असेल, तर जेवणासोबत सावकाश प्यावयाचे पेय कोण मागणार? पेला योग्य, जेवण उत्तम. गुण तीन.

तिसरे ठिकाण जिंतूर रस्त्याकडचे. तेथे वाइन नव्हतीच. आम्ही शून्य लिहून उठणार, तोच एक तरुण तोल सावरत मोटारसायकलीकडे निघाला. गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "उद्या सकाळी ये, गाडी इथंच आहे," एवढेच म्हणून त्यांनी रिक्षा बोलाविली, भाडेही दिले. तरुण रागावला, बोलला. गृहस्थ हलले नाहीत.

तेथे आमची गुणपत्रिका आम्हांस तोकडी वाटली. पेल्याची आणि पेयाची परीक्षा टेबलावर होते. मद्यगृहाची परीक्षा तेथून उठलेला माणूस घरी कसा पोहोचतो यावर होते. ती परीक्षा घेण्याचा अधिकार घरच्या माणसांचा. गावातील दारूचे दुकान राहावे की जावे, यावर मतदान करण्याची तरतूद महाराष्ट्रातील स्त्रियांना आहे. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात. निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडवी बाटली निवडली, तर दुकान बंद. त्या परीक्षणात चवीला एकही गुण नाही, आणि ते अन्याय्य आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

येथे कानातील लग्न आठवते. योहानाच्या शुभवर्तमानातील भोजनकारभारी हा वाइनचा जाणकार परीक्षक. त्याने चव घेतली आणि अचूक निर्णय दिला. परंतु तो द्राक्षारस कोठून आला हे त्यास ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते पाणी भरणाऱ्या सेवकांना. आम्हीही जिभेच्या भरवशावर निघालो होतो. खरी जाण गल्ल्यामागे बसलेली होती.

म्हणून तिसऱ्या ठिकाणी निवड, साठवण, पेला यांस शून्य देऊन आतिथ्याचा एक गुण आम्ही लिहिला. बेरीज एकच होते, पहिल्या ठिकाणाइतकीच. तरीही वाचकांपैकी कोणाच्या मुलाला परभणीत एखादी संध्याकाळ अशा ठिकाणी काढावयाची असेल, तर आम्ही त्यास हाच पत्ता देऊ.